सुट्या लिथियम सेलची पारख

विजेरी, लॅपटॉप, पॉवर बँक, बिनतारी ड्रिल, हातात धरायचा छोटा पंखा आणि विजेवर चालणारी दुचाकी या सर्वांच्या पोटात बहुधा एकाच कुळातला घटक असतो. बोटाएवढ्या लांबीचा, रंगीत प्लॅस्टिकच्या वेष्टनात गुंडाळलेला हा दंडगोल म्हणजे पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारा लिथियम-आयन सेल होय. एरवी तो उपकरणाच्या आत, संरक्षक परिपथाच्या पहाऱ्यात असतो आणि ग्राहकाला दिसतही नाही. मात्र विजेरीसाठी, जुन्या बॅटरीच्या दुरुस्तीसाठी किंवा घरगुती प्रयोगांसाठी तो सुटा विकत घेण्याचे प्रमाण वाढले आहे. परदेशांत ई-सिगारेट अर्थात ‘व्हेप’ या उपकरणांमुळे हा सुटा सेल सर्वसामान्य माणसाच्या खिशात पोहोचला आणि त्यापाठोपाठ गंभीर भाजण्याच्या घटनाही नोंदल्या जाऊ लागल्या. सेल निवडताना नेमके काय पाहावे, वेष्टनावरील आकड्यांचा अर्थ काय आणि तो हाताळताना कोणती काळजी घ्यावी, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

‘१८६५०’ म्हणजे काय?

सुट्या लिथियम सेलमध्ये सर्वाधिक प्रचलित आकार ‘१८६५०’ या नावाने ओळखला जातो. हा आकडा म्हणजे सेलचे माप आहे. पहिले दोन अंक व्यास दाखवतात, म्हणजे १८ मिलिमीटर. पुढचे दोन अंक लांबी, म्हणजे ६५ मिलिमीटर. आणि शेवटचे शून्य आकार दंडगोलाकृती असल्याची खूण. अलीकडे ‘२१७००’ हा २१ मिलिमीटर व्यासाचा आणि ७० मिलिमीटर लांबीचा थोरला भाऊही रूढ झाला आहे. घड्याळात वा रिमोटमध्ये घालतात त्या ‘डबल ए’ सेलच्या आकाराचा ‘१४५००’ हा लिथियम सेलही मिळतो. दिसायला तो नेहमीच्या पेन्सिल सेलसारखाच असला, तरी साध्या सेलचे व्होल्टेज १.५ असते आणि याचे ३.७. त्यामुळे रिमोट, घड्याळ वा खेळण्यात तो चुकूनही घालू नये.

लिथियम-आयन तंत्रज्ञानाला व्यावसायिक रूप १९९१ मध्ये सोनी या जपानी कंपनीने दिले. त्यामागचे मूलभूत संशोधन करणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. कमी वजनात अधिक ऊर्जा साठवण्याची क्षमता हा या सेलचा सर्वांत मोठा गुण आहे. धोक्याचे मूळही त्यातच आहे.

आतली रचना आणि आगीचे कारण

धन आणि ऋण अशा दोन लांब पातळ पट्ट्या, त्यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा सूक्ष्मछिद्री विलगक पडदा, आणि ही सारी गुंडाळी पोलादी डब्यात घालून त्यात ओतलेले सेंद्रिय द्रावण, अशी या सेलची साधारण रचना असते. द्रावण ज्वलनशील असते. विलगक पडद्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांशांएवढीच असते. हा पडदा फाटला, वितळला वा टोचला गेला, तर दोन्ही पट्ट्यांचा थेट संपर्क येऊन आतल्या आत शॉर्टसर्किट होते.

पूर्ण चार्ज केलेल्या एका दर्जेदार १८६५० सेलमध्ये सुमारे १२ वॅट-तास विद्युतऊर्जा असते. कपभर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्यास ती जवळपास पुरेशी आहे. ही ऊर्जा काही सेकंदांत एकाच ठिकाणी मोकळी झाली तर काय होईल, याची कल्पना त्यावरून येते. शिवाय द्रावण पेटल्यास निघणारी उष्णता निराळीच.

सेलचे तापमान साधारण ९० ते १२० अंश सेल्सिअसपर्यंत गेले, की ऋण पट्टीवरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचा विलगक वितळतो. पुढे धन पट्टीतील संयुग विघटित होऊन त्यातून प्राणवायू सुटतो. उष्णतेतून रासायनिक क्रिया आणि क्रियेतून अधिक उष्णता, असे हे चक्र बाहेरून थांबवणे जवळजवळ अशक्य असते. या अवस्थेस ‘औष्णिक अनियंत्रण’ असे म्हणता येईल. अतिरिक्त चार्जिंग, बाह्य शॉर्टसर्किट, क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह ओढणे, सेल चेपणे, बाहेरची उष्णता आणि उत्पादनातील दोष ही त्याची प्रमुख कारणे होत.

उत्पादनातील दोष किती सूक्ष्म असू शकतो, याचे उदाहरण २००६ साली जगासमोर आले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये डेल या संगणक कंपनीने सोनीचे सेल असलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या. सेल तयार होताना आत राहिलेले धातूचे अतिसूक्ष्म कण हे त्याचे कारण सांगितले गेले. नामवंत कारखान्यातही अशी चूक घडू शकते. मग नाव-गाव नसलेल्या सेलबाबत किती सावध राहावे लागेल, हे वेगळे सांगावयास नको.

ई-सिगारेटचा धडा

ई-सिगारेटमध्ये सेलमधील वीज एका तापतारेतून जाते आणि तिच्या उष्णतेने निकोटीनयुक्त द्रवाची वाफ होते. या तारेचा रोध फार कमी असल्याने सेलमधून मोठा प्रवाह ओढला जातो. त्यातही काही उपकरणांत कोणताही इलेक्ट्रॉनिक परिपथ नसतो. धातूची नळी, एक बटण आणि सेल एवढाच त्यांचा संसार. अशा ‘यांत्रिक’ उपकरणात चुकीचा सेल घातला गेल्यास त्याला अडवणारे काहीच नसते. दंडगोल सेलचे टोक हा त्याचा कमकुवत भाग असतो. आतला दाब वाढला, की टोक फुटते आणि नळीच्या आकाराच्या उपकरणातून सेल वा त्याचे तुकडे वेगाने बाहेर फेकले जातात.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जानेवारी २००९ ते डिसेंबर २०१६ या काळात तेथील प्रसारमाध्यमांत ई-सिगारेटच्या आगीच्या वा स्फोटाच्या १९५ घटनांची नोंद आढळली. त्यांत १३३ जणांना इजा झाली आणि त्यांपैकी ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. निम्म्याहून अधिक घटना उपकरण वा सुटा सेल खिशात असताना किंवा उपकरण वापरात असताना घडल्या होत्या. मे २०१८ मध्ये फ्लोरिडा आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सास येथे अशा स्फोटांत प्रत्येकी एकाचा मृत्यू झाला.

जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेच्या ग्राहकोपयोगी उत्पादन सुरक्षा आयोगाने आणखी कडक पवित्रा घेतला. सुटे १८६५० सेल ग्राहकांनी विकत घेऊच नयेत, असा इशारा आयोगाने दिला. हे सेल मुळात बॅटरीसंच तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी, सुटे भाग म्हणून बनवले जातात; संचात बसवल्यावर त्यांना मिळणारे संरक्षण सुट्या विक्रीत नसते, असे त्यामागचे कारण आहे. अनेक मोठे उत्पादकही आपले सेल सुटे वापरू नयेत, अशी सूचना वेष्टनावरच छापतात.

भारतातील स्थिती

भारतात ई-सिगारेटवर पूर्ण बंदी आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सर्व या कायद्याखाली गुन्हे ठरतात. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा गुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केवळ साठवणुकीसाठीही सहा महिन्यांपर्यंत कारावासाची वा ५० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. शिक्षण वा नोकरीनिमित्त परदेशी असलेल्यांनी तेथून असे उपकरण सोबत आणणे म्हणजे आयातच होय, हे ध्यानात ठेवावे. निकोटीनचे व्यसन आणि फुप्फुसांवरील परिणाम हा स्वतंत्र आणि तितकाच गंभीर विषय आहे.

उपकरणावर बंदी असली तरी सेलवर नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतील तपकीर गल्ली अशा बाजारपेठांत आणि ऑनलाइन दुकानांत सुटे लिथियम सेल सहज मिळतात. व्हेपच्या बाबतीत परदेशी ग्राहकांनी जे धडे भाजून घेऊन शिकले, ते विजेरी आणि पॉवर बँक वापरणाऱ्या येथील ग्राहकांनाही जसेच्या तसे लागू पडतात.

दोन आकडे : क्षमता आणि प्रवाह

सेल निवडताना बहुतेक ग्राहक एकच आकडा पाहतात आणि तो म्हणजे क्षमता. ती मिलिअँपिअर-तास, अर्थात ‘एमएएच’मध्ये दिलेली असते. क्षमता म्हणजे टाकीत पाणी किती, एवढेच. टाकीला बसवलेल्या तोटीतून एका वेळी किती पाणी सुरक्षितपणे निघू शकते, हे दुसऱ्या आकड्यावरून समजते. तो आकडा म्हणजे सेलचा कमाल अखंड प्रवाह. तो अँपिअरमध्ये सांगितला जातो. सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच आकडा अधिक मोलाचा.

एकाच आकाराच्या डब्यात हे दोन्ही गुण एकदम वाढवता येत नाहीत. अधिक प्रवाहासाठी जाड धातुपट्ट्या आणि पातळ लेप लागतो, म्हणजे ऊर्जा साठवणारा पदार्थ कमी मावतो. सॅमसंगच्या ‘३५ई’ या सेलची क्षमता ३५०० एमएएच आणि अखंड प्रवाह ८ अँपिअर आहे. त्याच कंपनीच्या ‘२५आर’ची क्षमता २५०० एमएएच, पण प्रवाह २० अँपिअर. यांत एक चांगला आणि दुसरा वाईट असे नाही. कमी वीज खाणाऱ्या विजेरीला पहिला योग्य, ड्रिलसारख्या उपकरणाला दुसरा. ज्यावर क्षमताही विक्रमी आणि प्रवाहही विक्रमी छापलेला असतो, त्या सेलकडे मात्र संशयानेच पाहावे.

उपकरण किती प्रवाह ओढते, याचा अंदाज शाळेत शिकलेल्या ओहमच्या नियमाने बांधता येतो. व्होल्टेजला रोधाने भागले, की प्रवाह मिळतो. पूर्ण चार्ज केलेल्या सेलचे व्होल्टेज ४.२ असते. परिपथ नसलेल्या उपकरणात अर्धा ओहम रोधाची तापतार असेल, तर ८.४ अँपिअर प्रवाह वाहील. रोध पाव ओहम असेल तर १६.८ अँपिअर, ०.१५ ओहमला तर तब्बल २८ अँपिअर. १० अँपिअरचा सेल पहिल्या तारेला पुरेल. उरलेल्या दोहोंना तो घातल्यास आपत्तीला निमंत्रण.

परिपथ असलेल्या उपकरणात हिशेब थोडा वेगळा होतो. तेथे वॅटचा आकडा स्थिर राखला जातो, त्यामुळे सेल उतरत जाईल तसा प्रवाह वाढतो. म्हणून सर्वांत कमी व्होल्टेज धरून गणित करावे लागते. ६० वॅटचे उपकरण ३.२ व्होल्टला बंद होत असेल आणि परिपथाची कार्यक्षमता ९० टक्के असेल, तर एका सेलवर शेवटी सुमारे २१ अँपिअरचा भार पडतो. हाच भार दोन सेलनी वाटून घेतल्यास प्रत्येकी १०.४ अँपिअर एवढाच येतो. हिशेबाने आलेल्या प्रवाहापेक्षा अधिक क्षमतेचा सेल निवडून काही अंतर राखणे शहाणपणाचे. सेल जुना होत जातो, तसे हे अंतर कामी येते.

येथे आणखी एक खाच आहे. काही वेष्टनांवर क्षणिक प्रवाहाचा, म्हणजे काही सेकंदच झेपणारा आकडा ठळक छापलेला असतो. असा आकडा मोठा दिसतो. पण त्याची व्याख्या प्रत्येक विक्रेत्यागणिक बदलते. तुलना नेहमी अखंड प्रवाहाच्या आकड्यानेच करावी आणि तो मूळ उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकातून घ्यावा.

रसायनांचे प्रकार

सेलच्या नावाआधी असलेली तीन अक्षरे त्यातील रसायन सांगतात. ‘आयसीआर’ म्हणजे कोबाल्टप्रधान, ‘आयएमआर’ म्हणजे मँगनीजप्रधान आणि ‘आयएनआर’ म्हणजे निकेलप्रधान. केवळ कोबाल्ट ऑक्साइड असलेले सेल उष्णतेला तुलनेने लवकर बळी पडतात, म्हणून अधिक प्रवाहाच्या कामाला ते संरक्षक परिपथाशिवाय वापरू नयेत. मँगनीज वा निकेलमिश्रित सेल अधिक प्रवाह झेलू शकतात. तथापि कोणतेही अक्षर हे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. गैरवापर झाल्यास यांतील प्रत्येक सेल पेट घेऊ शकतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट हे चौथे रसायन उष्णतेला बरेच स्थिर असते. त्याचे सर्वसाधारण व्होल्टेज ३.२ आणि पूर्ण चार्जचे ३.६५ असते, म्हणजे इतरांपेक्षा कमी. त्यामुळे त्याला वेगळा चार्जर लागतो. नेहमीच्या ४.२ व्होल्टच्या चार्जरमध्ये तो लावू नये.

बनावट सेल कसा ओळखावा?

प्रचलित दर्जेदार १८६५० सेलची क्षमता साधारण २००० ते ३६०० एमएएच या टप्प्यात असते. असे असता ६८००, ८८००, अगदी ९९०० एमएएच असे आकडे छापलेले सेल स्वस्तात विकले जातात. हा दावा खोटा असल्याचे साध्या हिशेबाने दाखवता येते. ९९०० एमएएच म्हणजे सुमारे ३६ वॅट-तास ऊर्जा ५० ग्रॅमच्या आत मावली पाहिजे. हे प्रमाण किलोमागे ७०० वॅट-तासांहून अधिक होते, तर उत्तम सेलमध्ये ते २६० च्या आसपास असते. विज्ञानाने एवढी मजल मारली असती, तर विजेच्या मोटारी एका चार्जमध्ये मुंबईहून दिल्लीच्या दिशेने बऱ्याच पुढे गेल्या असत्या.

वजन ही दुसरी कसोटी. अस्सल १८६५० सेल साधारण ४४ ते ५० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर तो ३०-३५ ग्रॅम भरला, तर आत सामग्रीच कमी आहे असे समजावे. काही बनावट सेलमध्ये मोठ्या डब्यात लहान सेल बसवून उरलेली जागा भुकटीने भरल्याचेही आढळले आहे.

तिसरा प्रकार पुनर्वेष्टनाचा. स्वतःचा कारखाना नसलेल्या काही कंपन्या इतरांचे सेल घेऊन त्यांवर आपले रंगीत वेष्टन चढवतात. त्यात चांगले सेलही असू शकतात. परंतु आत कोणाचा, कोणत्या प्रतीचा सेल आहे हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग उरत नाही आणि छापलेला प्रवाह मूळ उत्पादकाच्या आकड्यापेक्षा वाढवलेला असू शकतो. भंगारातील लॅपटॉप बॅटऱ्यांतून काढलेले जुने सेल नव्या वेष्टनात विकणे हा याचाच अधिक धोकादायक अवतार होय. धन टोकाशी वा तळाशी पूर्वीच्या वेल्डिंगचे बारीक ठिपके दिसल्यास सेल वापरलेला आहे हे निश्चित समजावे.

भारतात अशा सेल व बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लिथियम सेलसाठी ‘आयएस १६०४६ भाग २’ हे मानक असून, वेष्टनावर वा खोक्यावर मानकचिन्हासोबत ‘आर’ या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपवर हा क्रमांक टाकून नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे पाहता येते. पॉवर बँकेलाही असाच नोंदणी क्रमांक आवश्यक आहे. खरेदीचे बिल मागणे आणि जपून ठेवणे हे ग्राहकाच्या हिताचे आहे.

संरक्षित आणि असंरक्षित

काही सेलच्या तळाशी नाण्याएवढी इलेक्ट्रॉनिक चकती बसवलेली असते. अतिरिक्त चार्जिंग, प्रमाणाबाहेर डिस्चार्ज आणि शॉर्टसर्किट या तिन्ही प्रसंगी ती प्रवाह तोडते. अशा ‘संरक्षित’ सेलची लांबी ६७ ते ७० मिलिमीटरपर्यंत भरते, त्यामुळे तो प्रत्येक उपकरणात बसतोच असे नाही. विजेरीसाठी सुटा सेल घ्यायचाच असेल, तर संरक्षित सेलला प्राधान्य द्यावे. तो बसत नाही म्हणून ठोकून वा दाबून बसवू नये. त्या उपकरणाच्या माहितीपत्रकात कोणता सेल सांगितला आहे ते पाहावे. आपल्याला मुळात सुट्या सेलची गरज आहे का, हाही प्रश्न विचारावा. बॅटरी आतच बसवलेली, थेट मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारी विजेरी बहुतेक घरांना पुरेशी असते. खेळणी, घड्याळे यांसाठी १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल हा अधिक निर्धोक पर्याय आहे.

चार्जिंगचे नियम

लिथियम सेलला विशिष्ट पद्धतीचा चार्जर लागतो. प्रथम स्थिर प्रवाह, व्होल्टेज ४.२ वर पोहोचल्यावर ते स्थिर राखून प्रवाह हळूहळू कमी करणे, आणि अखेरीस चार्जिंग पूर्ण थांबवणे असे तीन टप्पे तो पाळतो. थेट जोडणी करून वा निकेल सेलच्या जुन्या चार्जरवर हा सेल चार्ज करणे म्हणजे जाणूनबुजून आग लावणे होय. क्षमतेच्या निम्म्याएवढा प्रवाह सर्वसाधारणपणे सुरक्षित समजला जातो. ३००० एमएएचच्या सेलला दीड अँपिअर.

चार्जिंग शून्य ते ४५ अंश सेल्सिअस या तापमानातच करावे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दुपारी ही मर्यादा सहज गाठली जाते, हे विसरू नये. गादी, उशी, सोफा यांवर चार्जर ठेवू नये. फरशी वा दगडी ओटा योग्य. झोपताना वा घराबाहेर पडताना चार्जिंग सुरू ठेवू नये. घरातून बाहेर पडण्याच्या वाटेवर तर चार्जर मुळीच ठेवू नये. बराच काळ पडून राहिलेल्या सेलचे व्होल्टेज २.५ च्या खाली गेले असेल, तर तो पुन्हा चार्ज करण्याचा मोह टाळावा. अशा अवस्थेत आतील तांबे विरघळते आणि पुढच्या चार्जिंगमध्ये अंतर्गत शॉर्टसर्किटचा संभव निर्माण होतो.

हाताळणी आणि साठवण

अनेकांना ठाऊक नसते, पण या सेलचा संपूर्ण पोलादी डबा हे त्याचे ऋण टोक असते. धन टोक आणि डब्याची कड यांत जेमतेम एक-दोन मिलिमीटरचे अंतर आणि एक बारीक निरोधक चकती असते. वरचे प्लॅस्टिक वेष्टन फाटले, की किल्ली, नाणे वा उपकरणाची धातूची भिंत ही दोन्ही टोके सहज जोडू शकते. खिशातील सेलने मांडी भाजल्याच्या घटनांमागे बहुतेक वेळा हेच कारण असते. म्हणून सुटा सेल खिशात वा पर्समध्ये कधीही टाकू नये. काही रुपयांत मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीतच तो न्यावा. वेष्टन कापले वा खरवडले गेलेला सेल वापरातून काढावा.

जोडीने वापरायचे सेल एकाच बनावटीचे, एकाच वेळी घेतलेले आणि कायम जोडीनेच वापरलेले व चार्ज केलेले असावेत. एक नवा आणि एक जुना एकत्र घातल्यास जुना सेल आधी उतरतो आणि त्याच्यावर उलट दाब पडू शकतो. धन-ऋण खुणा तपासून मगच सेल बसवावा. चेपलेला, गंजलेला, गळणारा, गोडसर उग्र वास येणारा किंवा काम नसतानाही गरम लागणारा सेल तत्काळ बाद करावा. दीर्घकाळ ठेवायचा असल्यास तो साधारण निम्मा चार्ज करून थंड, कोरड्या जागी आणि मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा. उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत तो ठेवू नये.

विमानप्रवासात सुटे सेल आणि पॉवर बँक चेक-इन सामानात ठेवण्यास मनाई आहे. ते केबिनमध्येच न्यावे लागतात आणि टोके झाकलेली असावी लागतात. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. म्हणजे पॉवर बँकेच्या भाषेत सुमारे २७ हजार एमएएच.

अपघात झाल्यास

सेल अकस्मात गरम होऊ लागला, फुगला वा त्यातून फुसफुस आवाज आला, तर तो हाताने धरून ठेवू नये. शक्य असल्यास ज्वलनशील वस्तूंपासून दूर मोकळ्या जागी सोडून मागे सरावे. धूर विषारी असतो. त्यात हायड्रोजन फ्लोराइड असू शकते. खोली तत्काळ रिकामी करून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि १०१ वा ११२ या क्रमांकावर संपर्क साधावा. लहान सेलच्या आगीवर, चार्जरचा वीजपुरवठा बंद केल्यानंतर, लांबून भरपूर पाणी मारणे उपयोगी ठरते, कारण शेजारचे सेल थंड ठेवणे हेच मुख्य काम असते. विझलेला सेल काही वेळाने पुन्हा पेटू शकतो. भाजलेल्या भागावर २० मिनिटे वाहते थंड पाणी सोडावे, टूथपेस्ट, हळद वा तूप लावू नये आणि जखम लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावी. रसायनामुळे होणारी इजा वरून दिसते त्यापेक्षा खोल असू शकते.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेच्या दुचाकीने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्या वर्षीच्या अशा अनेक घटनांनंतर वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे सुरक्षा निकष अधिक कडक करण्यात आले आणि ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले. वाहनाच्या संचाला तज्ज्ञांचे निकष आहेत; सुट्या सेलला मात्र निकष लावण्याचे काम अखेर ग्राहकालाच करावे लागते.

बाद सेलचे काय करावे?

साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज झाल्यावर सेलची क्षमता घटू लागते. बाद सेल ओल्या वा सुक्या कचऱ्यात टाकू नये. कचरागाडीत दाबला गेल्यास तो पेटतो आणि सफाई कर्मचाऱ्यांच्या जिवावर बेतते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि त्या घरगुती कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन केंद्राकडे देणे हे ग्राहकाचे कर्तव्य आहे. देण्यापूर्वी दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी.

खरेदीपूर्वी थोडक्यात

• उपकरण किती प्रवाह ओढते ते आधी पाहावे, मग सेल निवडावा.
• क्षमतेपेक्षा अखंड प्रवाहाच्या आकड्याला महत्त्व द्यावे.
• ३६०० एमएएचहून फार अधिक क्षमता सांगणारा १८६५० सेल घेऊ नये.
• मूळ उत्पादकाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि बिल याविना खरेदी करू नये.
• शक्य तेथे संरक्षित सेल किंवा बॅटरी आतच असलेले उपकरण घ्यावे.
• वेष्टन आणि टोके दर वेळी तपासावीत. सुटा सेल डबीतच ठेवावा.
• चार्जिंग सुरू असताना घरात कोणीतरी जागे असावे.

दर्जेदार आणि संशयास्पद सेल यांच्या किमतीत फरक असतो तो काहीशे रुपयांचा. भाजल्यानंतरच्या एका त्वचारोपण शस्त्रक्रियेचा खर्च आणि यातना त्याच्या कित्येक पट असतात. सेल विकत घेताना हा हिशेबही मांडून पाहावा.